मायेच्या माथी मारलेला खर्च

मातृभाषा या शब्दात एक गृहीत दडलेले आहे. आई बोलते, मांडीवरचे मूल ऐकते आणि भाषा एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आपसूक जाते. त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही, वर्ग भरवावे लागत नाहीत, अर्थसंकल्पात तरतूद करावी लागत नाही. समाजाची सर्वांत मौल्यवान संपत्ती अशी फुकट हस्तांतरित होत असल्यामुळे तिची किंमत कोणी मोजत नाही. भाषिक राज्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी ज्या महाराष्ट्रात प्राण दिले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचा आनंद ज्या महाराष्ट्रात साजरा झाला, तेथेही हे गृहीत फारसे तपासले गेलेले नाही. परंतु काही घरे अशी असतात की जेथे आईची भाषा मुलापर्यंत पोहोचतच नाही. आणि काही घरे अशी की जेथे ती उत्तम पोहोचते, पण दाराबाहेरच्या जगाला ती भाषा म्हणून मान्य नसते. ही घरे म्हणजे कर्णबधिरांची घरे.

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे ५० लाख ७० हजार व्यक्तींना श्रवणदोष असल्याची नोंद केली. अभ्यासकांना आढळलेले प्रमाण असे की, दहांपैकी नऊ किंवा त्याहूनही अधिक कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आणि कर्णबधिर आईबापांच्या दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुलांना व्यवस्थित ऐकू येते. या दोन आकड्यांचा एकत्रित अर्थ फारसा कोणी लावत नाही. बहुतेक कर्णबधिर व्यक्तींच्या मागची पिढी ऐकणारी असते आणि पुढची पिढीही ऐकणारी असते. मधल्यामध्ये तो एकटा. धर्म, जात, प्रांत या गोष्टी माणसाला घरातून मिळतात. कर्णबधिराला मात्र आपले भाषिक गोत्र घराबाहेर शोधावे लागते, आणि ते सापडले तरी आपल्याच मुलांच्या हाती ते पूर्णतः सोपवता येत नाही.

या घरांकडे पाहण्याच्या समाजाच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली दयेची: ‘काय भोग आले हो बिचाऱ्यांच्या वाट्याला!’ दुसरी गौरवाची: आदर्श मातेचा सत्कार, शाल, श्रीफळ आणि वृत्तपत्रात छायाचित्र. दोन्ही तऱ्हा प्रश्नाला घराच्या चार भिंतींत कोंडून ठेवतात. वस्तुतः आईबाप आणि मूल यांच्यामध्ये भाषेचा पूल बांधण्याचे काम खर्चाचे असते, त्याला श्रम लागतात, वेळ लागतो, शिकवणारी माणसे लागतात. हा खर्च कोणी करावयाचा, हा खरा प्रश्न आहे. आजवर तो शासनाने आणि समाजाने मायेच्या माथी मारला आहे. ऐकणाऱ्या आईच्या मायेने एका बाजूने तो भरला, आणि ऐकणाऱ्या लेकराच्या मायेने दुसऱ्या बाजूने.

आईची बिनपगारी नोकरी

पहिल्या प्रकारच्या घराची कथा महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात साधारण एकसारखीच असते. मूल वर्षाचे होते, हाकेला मान वळवत नाही. कोणी थाळी वाजवून पाहते, कोणी कुकरची शिट्टी झाली तेव्हा ते दचकले का, याची आठवण काढते. आजी म्हणते, ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ अशा आशेवर दुसरे वर्ष जाते, कधीकधी तिसरेही. वास्तविक नवजात अर्भकाची श्रवणतपासणी काही मिनिटांची असते आणि तिला सुई लागत नाही की रक्त लागत नाही. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातल्या पालघरहूनच झाला, आणि त्याने तपासावयाच्या दोषांत जन्मजात बधिरतेचा समावेश होता. तरीही प्रत्येक प्रसूतिगृहात प्रत्येक बाळाचे कान तपासले जातात, अशी स्थिती आजही नाही. भाषा शिकण्यास मेंदू सर्वाधिक सज्ज असतो तो पहिल्या चारपाच वर्षांत. आणि त्यांतली दोनतीन वर्षे निदानातच खर्ची पडतात.

निदान झाल्यावर आईला जो सल्ला पिढ्यान् पिढ्या मिळत आला तो असा: ‘घरात खाणाखुणा करू नका. खुणांची सवय लागली तर मूल बोलायचे नाही.’ सल्ला देणारे वाईट माणसे नव्हती. बहुतेक जण सद्‌हेतूने, अनेकदा निष्ठेने काम करणारे शिक्षक आणि तज्ज्ञ होते. परंतु या सल्ल्याचा उगम त्यांच्या अनुभवात कमी आणि इतिहासात अधिक आहे. १८८० च्या सप्टेंबरात इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने मौखिक पद्धतच श्रेष्ठ ठरवून हातांच्या भाषेला शाळेतून निरोप दिला. या परिषदेच्या १६४ प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर प्रतिनिधी होता अवघा एक. ज्यांच्या भाषेचा निकाल लागला त्यांना मतदानापुरतेही अस्तित्व नव्हते. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईत देशातील कर्णबधिरांची पहिली शाळा निघाली, आणि येथील शिक्षणही मौखिक पद्धतीच्या वळणावरच वाढले. पुढे २०१० मध्ये कॅनडातील व्हँकूवर येथे भरलेल्या याच परंपरेतील परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला. खेद व्यक्त व्हावयास १३० वर्षे लागली.

त्या सल्ल्याने घरात काय घडवले, याची नोंद कोणत्याही ठरावात नाही. मुलाला तहान लागते, ते पेल्याकडे बोट दाखवते. आईला कळते; कोणत्याही आईला कळेल. पण तिला बजावलेले असते की मूल ‘पाणी’ म्हणेपर्यंत पेला हाती द्यावयाचा नाही. ती पेला मागे धरते, आपल्या ओठांकडे पाहावयास सांगते, पुन्हापुन्हा शब्द उच्चारते. मूल तिच्या ओठांकडे पाहते. आता प, ब आणि म ही तिन्ही अक्षरे ओठ मिटूनच उच्चारली जातात. पाहणाऱ्याच्या डोळ्याला ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे तीन शब्द एकच दिसतात. क, ख, ग यांचा उच्चार तर घशापाशी होतो, तो ओठांवर दिसतच नाही. ज्या मुलाला भाषा अगोदरच येते ते संदर्भावरून ताडते. ज्याला भाषाच यावयाची आहे त्याने कशावरून ताडावयाचे? अशा रीतीने आईची शिक्षिका होते, घराचा वर्ग होतो आणि पाण्याचा पेला परीक्षेचे बक्षीस होतो. काही मुले या वाटेने खरोखर बोलू लागतात आणि त्यांच्या आयांच्या चिकाटीला सीमा नसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जी मुले बोलू लागत नाहीत त्यांच्या वाट्याला बोली येत नाही आणि खुणांची भाषाही येत नाही. त्या अपयशाचा दोष मग कोणी पद्धतीला देत नाही. आई स्वतःलाच देते.

विज्ञान पुढे गेले आहे, ही गोष्ट खरी. कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेने लहान वयात अनेक मुलांना आवाजाचे जग खुले झाले आहे, आणि केंद्र शासनाच्या साहाय्यक साधनांच्या योजनेतून गरीब कुटुंबांतील मुलांसाठी सहासात लाख रुपयांपर्यंतचा हा संच मिळू लागला आहे. या खर्चाला विरोध करण्याचे कारण नाही. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतला भेद पहिल्याच वर्षी शिकवला जातो. यंत्र एकदा बसते. ऐकावयास आणि बोलावयास शिकणे मात्र वर्षानुवर्षे चालते. उपचारवर्ग विनाशुल्क असला तरी आईचे दिवस विनाशुल्क नसतात. तालुक्याहून जिल्ह्याला जाणारी एसटी, बुडालेली मजुरी, सोडून दिलेली नोकरी, घरी सासूकडे ठेवलेले दुसरे मूल आणि हमीचा काळ संपल्यावरच्या बॅटऱ्या, वायरी व दुरुस्त्या यांची बेरीज कोणत्याही सरकारी तक्त्यात दिसत नाही. भांडवली खर्च शासनाचा आणि चालू खर्च आईचा, अशी ही वाटणी आहे. उद्‌घाटनाची फीत भांडवली खर्चालाच असते.

आणि या सर्व खटपटीत घराचे जे सर्वांत साधे सुख, तेच हरवते. रात्री सर्व जण जेवावयास बसतात. काका काही सांगतो, सर्व हसतात. कर्णबधिर मुलगा बहिणीला खांद्याला हात लावून विचारतो, काय झाले? बहीण हात हलवते: ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते ‘नंतर’ बहुधा येत नाही. कोणाचे लग्न ठरले, जमिनीचा वाद का पेटला, आजोबांना दवाखान्यात का हलवले, हे घराचे ज्ञान इतर मुले न शिकता शिकतात. याला मात्र ते तुकड्यातुकड्याने, शेवटी आणि निकालाच्या स्वरूपात कळते. जगभरचे कर्णबधिर प्रौढ आपल्या बालपणाविषयी सांगताना जेवणाच्या पंगतीतल्या या एकटेपणाचा उल्लेख हमखास करतात. मायेत तेथे काही उणे नसते. उणी असते ती भाषा. आणि ती शिकण्याची सोय घरातील कोणालाच कोणी करून दिलेली नसते.

पोरवयाचा दुभाषी

दुसऱ्या प्रकारच्या घरात चित्र नेमके उलटे दिसते. आईबाप कर्णबधिर, मूल ऐकणारे. येथे माय आणि लेकरू यांच्यामध्ये भाषेची दरी नसते. मूल तान्हेपणीच हातांची भाषा उचलते. अशी बाळे जशी तोंडाने बोबडी बोलतात तशी हातांनीही ‘बोबडी’ बोलतात, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्या मुलांच्या दृष्टीने घरात कोणतीही उणीव नसते. उणीव प्रथम लक्षात आणून देतात ती नातलग मंडळी. ‘याला बोलायला कोण शिकवणार?’ असे म्हणून आजीआजोबा किंवा मामामामी मूल आपल्याकडे नेऊ पाहतात. हेतू चांगला, परिणाम असा की ज्या स्त्रीला स्वतःच्या आईशी कधी मोकळेपणी बोलता आले नाही, तिच्याकडून तिचे मूलही भाषेच्याच नावाने दूर केले जाते.

मूल आईबापांजवळ राहिले तर सहासात वर्षांचे होताच एका नोकरीवर रुजू होते. बँकेत बापाच्या सहीचा घोळ होतो, तेथे ते बोलते. रेशनकार्डावरचे नाव चुकले, तेथे तहसील कचेरीत ते बोलते. घरमालक भाडे वाढवतो तेव्हा वाटाघाट तेच करते. शाळेत पालकसभेला बाई त्याच्या खोड्यांची तक्रार सांगतात, तीही आईला खुणांनी समजावून देण्याचे काम त्याचेच. तेथे भाषांतर कितपत मूळ बरहुकूम होत असेल, ते सांगावयास नको! अशा प्रसंगांची गंमत घरोघर सांगितली जाते आणि ती खरीच गंमत असते. परंतु त्याच मुलाला एके दिवशी रुग्णालयात डॉक्टरांसमोर उभे राहावे लागते. डॉक्टर त्याच्याकडे पाहून सांगतात की आईच्या गाठीचा अहवाल चांगला नाही. नऊदहा वर्षांच्या मुलाने हे वाक्य प्रथम स्वतः ऐकावयाचे, मग आईच्या डोळ्यांत पाहत आपल्याच हातांनी तिला सांगावयाचे. सांगावे की लपवावे, हा निर्णयही त्यानेच घ्यावयाचा. येथे आईचे आईपण आणि मुलाचे मूलपण ही दोन्ही एकाच वेळी हिरावली जातात.

बालमजुरीला बंदी घालणारा कायदा १९८६ पासून आहे आणि २०१६ मध्ये त्यात दुरुस्तीही झाली. कारखाना, धाबा, वीटभट्टी यांची चर्चा त्यात होते. रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या या लहान दुभाष्याची होत नाही. कारण त्याला राबवून घेणारा मालक दिसत नाही. मुलाला राबवणारे आईबाप नव्हेत. ते तर स्वतःच अडलेले असतात. त्याच्या श्रमावर ज्यांचा खर्च वाचतो ते बँक, रुग्णालय, न्यायालय आणि कचेरी हेच त्याचे खरे मालक. नागरिकाला समजेल अशा भाषेत व्यवहार करणे हे त्यांचे कर्तव्य. ते एका अल्पवयीनाकडून फुकट करून घेतले जाते आणि त्याला नाव दिले जाते ‘किती गुणी मुलगा!’

हिंदी चित्रपटाने ही घरे दोनदा तरी मनापासून पाहिली. गुलजारांच्या ‘कोशिश’मध्ये (१९७२) कर्णबधिर दांपत्याचे पहिले तान्हे मूल त्याचे रडणे ऐकू न आल्यामुळे दगावते, आणि दुसरा, ऐकणारा मुलगा मोठा झाल्यावर कर्णबधिर मुलीशी लग्न करावयास प्रथम नकार देतो. संजय लीला भन्साळींच्या ‘खामोशी’त (१९९६) गोव्यातील कर्णबधिर आईबापांची ऐकणारी मुलगी त्यांची वाचा होते आणि तिला स्वतःला हवे असते गाणे, जे त्यांना कधीच ऐकू येणार नाही. दोन्ही चित्रपटांनी प्रेक्षकांना रडवले आणि कर्णबधिरांना प्रतिष्ठाही दिली. तरी दोन्हींत संघर्ष आहे तो व्यक्तींच्या मनांतला. घराबाहेर एखादी व्यवस्था असती तर यांतले किती दुःख टळले असते, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहत नाही, इतके त्या व्यवस्थेचे नसणे गृहीत धरले गेले आहे.

दोन कर्णबधिर मातांचे दोन पुत्र

माया एकटी पुरे पडत नाही आणि दिशाही ठरवीत नाही, याचा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेने मोठा बोलका पुरावा दिला आहे. त्या काळी कर्णबधिरांच्या शिक्षणावर दोन पुरुषांचा वरचष्मा होता आणि दोघेही कर्णबधिर मातांचे ऐकणारे पुत्र होते. एडवर्ड माइनर गॅलॉडेट (१८३७–१९१७) याची आई सोफिया फाउलर जन्मतः कर्णबधिर, हार्टफर्डच्या शाळेची विद्यार्थिनी. मुलाने १८५७ मध्ये वॉशिंग्टन येथे संस्थेची सूत्रे घेतली तेव्हा ती तेथे पालिका म्हणून त्याच्याबरोबर गेली. १८६४ मध्ये या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या विधेयकावर अब्राहम लिंकनने सही केली, आणि आज तेच गॅलॉडेट विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. दुसरा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल (१८४७–१९२२), दूरध्वनीमुळे जगाला ठाऊक असलेला. त्याची आई एलायझा हिचे ऐकणे जवळपास नाहीसे झाले होते. बेल तिच्याशी बोटांच्या मुळाक्षरांनी बोले. त्याची पत्नी मेबल हीदेखील पाच वर्षांची असताना आजारात बधिर झालेली.

दोघांचे आईवर प्रेम होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी त्यांची मते दोन टोकांची. गॅलॉडेट मिलानच्या परिषदेत हातांच्या भाषेच्या बाजूने उभा राहिला. बेलने १८८३ मध्ये विद्वानांपुढे निबंध वाचून इशारा दिला की कर्णबधिरांनी आपसांत विवाह केल्याने मानवजातीची एक बधिर शाखा निर्माण होईल. यावर त्याला सुचलेला मार्ग असा: वसतिशाळा, खुणांची भाषा आणि कर्णबधिर शिक्षक, या ज्या गोष्टी कर्णबधिरांना एकत्र आणतात, त्याच दूर कराव्यात. स्वतःच्या आईशी बोटांनी बोलणाऱ्या पुत्राने इतरांच्या मुलांसाठी हे सुचवले.

या मतभेदामागे वर्गाचा प्रश्न होता, तो सहसा सांगितला जात नाही. मेबल उत्तम ओठवाचन करी आणि बोले, आणि बेलच्या पद्धतीचा ती चालताबोलता दाखला होती. पण मेबल ही बॉस्टनच्या गार्डिनर हबर्ड या धनिक वकिलाची कन्या. खासगी शिक्षण, जर्मनीतील वास्तव्य, अहोरात्र लक्ष घालणारे आईबाप हे सर्व तिला लाभले होते. सोफिया फाउलरला शिक्षण मिळाले ते मात्र हार्टफर्डच्या सार्वजनिक संस्थेत, एकोणीस वर्षांची झाल्यावर. एकाच्या मार्गाला श्रीमंत घर लागे, दुसऱ्याच्या मार्गाला समाजाने उभारलेली शाळा. बेलचा मार्ग सर्वांसाठी आदर्श ठरवला गेला तेव्हा हबर्ड घराण्याकडून होऊ शकलेला खर्च जगभरच्या मजुरांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरांकडून अपेक्षिला गेला. तो त्यांना झेपला नाही, याला त्यांचे अपयश म्हटले गेले.

ओझे वाटून घेणारे समाज

याहून वेगळे काही शक्य असते का? शक्य असते, आणि ते घडलेही आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील मार्थाज् व्हिनयार्ड या बेटावर आनुवंशिक बधिरतेचे प्रमाण पिढ्यान् पिढ्या मोठे होते. एकोणिसाव्या शतकात तेथे दर १५५ माणसांमागे एक कर्णबधिर होता, आणि चिलमार्क या गावात तर दर २५ माणसांमागे एक. मानवशास्त्रज्ञ नोरा एलन ग्रोस यांनी बेटावरील वृद्धांच्या आठवणी गोळा करून १९८५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसले ते असे की तेथे खुणांची भाषा कर्णबधिरांची नव्हती, सर्वांची होती. कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीतल्या माणसाशी हातांनी बोलत. ऐकणारी मुले ती भाषा अंगणातच शिकत. कोण बधिर होते, हे वृद्धांना आठवून सांगावे लागे, कारण ती त्या माणसाची मुख्य ओळख नव्हती. त्या बेटावरही आया होत्या आणि मुले होती. परंतु आईला एकटीने भाषा घडवावी लागत नव्हती की मुलाला कोणाचा दुभाषी व्हावे लागत नव्हते. खर्च सर्व गावात वाटला गेल्यामुळे कोणाच्याच माथ्यावर तो जाणवत नव्हता. बेटावरचा शेवटचा आनुवंशिक कर्णबधिर रहिवासी १९५२ मध्ये वारला.

दुसरे उदाहरण निकाराग्वाचे. तेथे कर्णबधिर मुले आपापल्या घरी, एकमेकांपासून दूर, घरगुती खुणांवर दिवस काढत. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात त्यांच्यासाठी विशेष शाळा निघाली. १९७९ च्या क्रांतीनंतर शिक्षणाचा विस्तार झाला, १९८० मध्ये मोठ्या मुलांसाठी व्यवसायशिक्षणाची शाळा आली आणि १९८३ पर्यंत या दोन शाळांत ४०० हून अधिक मुले एकत्र आली. शिक्षक फळ्यावर स्पॅनिश आणि ओठवाचन शिकवत राहिले. मुलांनी मात्र मैदानात आणि बसमध्ये, प्रत्येकाने घरून आणलेल्या मोडक्यातोडक्या खुणांतून, एक संपूर्ण नवी भाषा उभी केली, आणि त्यांच्यामागून आलेल्या लहान मुलांनी तिला व्याकरण दिले. भाषातज्ज्ञ ही घटना आजही अभ्यासत आहेत. सामान्य माणसाने तिच्यातून घ्यावयाचा बोध सोपा आहे: भाषेला सोबत लागते. एका घराने कितीही माया केली तरी एकट्या घरात भाषा पिकत नाही.

कायदा दिल्लीत, आई तालुक्यात

भारतात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईत १९८३ मध्ये अली यावर जंग यांच्या नावाने कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि २००१ पासून तेथे भारतीय सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रम सुरू झाले. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर नेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संपर्काच्या साधनांत सांकेतिक भाषेची गणना केली आणि ती जाणणारे शिक्षक नेमण्यास सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तिला स्थान मिळाले. ही भाषा म्हणजे मराठीचे वा हिंदीचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे, प्रश्नवाचक खूण ती वाक्याच्या शेवटी ठेवते आणि भुवयांनीही अर्थ सांगते, हे आता अभ्यासकांत वादाचे राहिलेले नाही. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही, आणि प्रशिक्षित दुभाषांची संख्या गरजेच्या मानाने अगदी तोकडी आहे.

या सर्व तरतुदींत एक ठळक पोकळी आहे. कोश निघाला, पण तो उघडून आईला शिकवणार कोण? शाळेसाठी शिक्षक आहे, कचेरीसाठी क्वचित दुभाषी आहे. घरासाठी कोणीच नाही. वास्तविक गावोगाव अंगणवाडी आणि आशा सेविका पोहोचवणाऱ्या राज्याला हे अशक्य नाही. ज्या घरात कर्णबधिर बालक असेल तेथे निदान झाल्याच्या महिन्यात, शक्य तेथे कर्णबधिर असलेली प्रौढ व्यक्ती, वेतनावर, नियमाने गेली पाहिजे. तिने केवळ बाळाला नव्हे तर आईला, बापाला, आजीला आणि भावंडांना हातांची भाषा शिकवली पाहिजे. शिकण्याच्या दिवसांची मजुरी आईबापांना मिळाली पाहिजे. यात रोजगार कर्णबधिर तरुणांना मिळेल, हा लाभ वेगळाच. आणि आपले मूल मोठे होऊन कसे असेल याची जी धास्ती आईला असते, ती दारात उभ्या असलेल्या त्या कमावत्या, हसऱ्या तरुणीकडे पाहून निम्मी कमी होईल. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, न्यायालयात आणि तहसील कचेरीत दुभाष्याची सोय, प्रत्यक्ष वा दूरदृश्य यंत्रणेने, असली पाहिजे. आणि आजार, खटला, कर्ज यांसारख्या व्यवहारांत अठरा वर्षांखालील मुलाला दुभाषी करण्यास स्पष्ट मनाई हवी.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही. पण एक भाषा पक्की आली की दुसरी शिकणे सोपे होते, हा तर बहुभाषिक भारताचा रोजचा अनुभव आहे. घरी मालवणी किंवा अहिराणी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठी शिकते तेव्हा घरची बोली तिच्या आड येत नाही, उलट आधार होते. यंत्र बसवलेल्या मुलालाही रात्री यंत्र काढून ठेवल्यावर, पावसात, किंवा ते बिघडल्यावर आईशी बोलण्यास एक भाषा हवीच असते. हात आणि वाचा यांतून एक निवडण्याची सक्ती मिलानने केली. आईने ती मान्य करण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढा खर्च गरीब देशाला परवडेल काय? हा प्रश्न विचारणारे असे गृहीत धरतात की आज खर्च होत नाही. तो होतो आहे. आईच्या बुडालेल्या मजुरीतून, मुलाच्या बुडालेल्या शाळेतून, पहिली पाच वर्षे भाषेवाचून गेल्यामुळे जन्मभर कमी मोबदल्याच्या कामावर राबणाऱ्या कर्णबधिर कामगाराच्या पाकिटातून तो रोज होतो आहे. फक्त त्याची नोंद राष्ट्रीय हिशोबात होत नाही, कारण मायेला पावती नसते. नवा खर्च मागितला जात नाही; जुना खर्च ज्यांच्या खांद्यांवर नको होता तेथून उचलून सर्वांच्या खांद्यांवर ठेवण्याची मागणी आहे.

आणि हे झाले म्हणजे काय होईल? फार मोठे काही नाही. तहानलेल्या मुलाला पाणी मागताच मिळेल. रात्रीच्या पंगतीत काकाच्या विनोदाला सर्वांबरोबर तेही हसेल. दवाखान्यात डॉक्टर जे सांगतील ते आईला मोठ्या माणसाकडून कळेल, आणि तिचा मुलगा बाहेरच्या बाकावर इतर मुलांप्रमाणे पाय हलवत बसून राहील. माय आणि लेकरू यांच्यातले अंतर माया भरून काढील, हा विश्वास समाजाला आजवर फार स्वस्तात पडला आहे.